रुईचा नवरा

सर मला ध्वनिशत्रू म्हणायचे, आणि तेही अहो-जाहो घालून. "या ध्वनिशत्रू, बसा." मला राग यायचा नाही, कारण खोटं काय होतं त्यात? कल्याण पश्चिमेला माझं साऊंडचं दुकान आहे. हळद, साखरपुडा, गणपती, नेत्याचा वाढदिवस, तुम्ही नुसतं बोला, आम्ही बेस लावतो. टेंभी नाक्याला हंडीच्या दिवशी माझे बॉक्स लागले की समोरच्या दुकानातल्या बरण्या आपल्याआप पुढे सरकायच्या. आणि अशा माणसाच्या दुकानात हा गृहस्थ आला होता शांतता मागायला.

"तुमचा पंखा बंद करा," हे त्यांचं पहिलं वाक्य. पुढे ओळख-देख काही नाही. मला वाटलं, शॉक लागतोय की काय. पंखा बंद केला. त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून एक वीतभर रेकॉर्डर काढला, कानाला हेडफोन लावले, डोळे मिटले आणि म्हणाले, "खरखर तशीच आहे, म्हणजे हेडफोनची वायर खराब आहे. मला वाटलं होतंच. आता पंखा लावा, तुम्हाला घाम आलाय." वायर बदलून दिली, तर पैसे देताना विचारतात कसे, "आपण दिवसाला किती लोकांना बहिरं करता?"

भूगोलाचे मास्तर होते ते, डोंबिवलीचे. लग्न केलेलं नाही. बोलणं पुण्याचं, एकेक शब्द सुपारीसारखा कातरून समोर ठेवणार. रिटायर झाल्यावर माणसं सकाळी चालायला जातात, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. हे शहाडच्या पुढची, टिटवाळ्याकडची, मुरबाड रोडची गावं पायाखाली घालत सुटले. कशासाठी? तर आवाज गोळा करायला. गावागावात टॉवर उभे राहतायत, म्हातारी माणसं चाललीत, तर त्यांच्या तोंडून सगळं भरून ठेवायचं. भाताची झोडणी कशी वाजायची, रहाट कसा कुरकुरायचा, कोणती बाय कुठलं गाणं म्हणायची. मी एकदा विचारलंही, "सर, हे ऐकणार कोण?" तर म्हणाले, "शाळेत तीस वर्षं मी कुठे हा प्रश्न विचारला?"

मोहन्याच्या जुन्या कारखान्याचा भोंगा त्यांना हवा होता. आता भोंगा बंद होऊन जमाना झाला. दुसरा कोणी असता तर त्याने नाद सोडला असता. सर घरोघर गेले आणि जुन्या कामगारांना म्हणाले, "भोंगा कसा वाजायचा, तोंडाने करून दाखवा." आणि लोकांनी करून दाखवला हो! सत्तरी उलटलेली माणसं, कवळी काढून, छाती भरून, "भोंऽऽऽ"! कोणाचा सकाळच्या पाळीचा, कोणाचा सुट्टीचा. दोन सख्ख्या भावांचं तर त्यावरून जुंपलं, की शेवटी सूर वर जायचा की खाली. सरांनी ते भांडणही भरून घेतलं. चाळीसेक भोंगे होते त्यांच्याकडे, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. सर खूश. म्हणायचे, "प्रत्येकाचा भोंगा वेगळा होता, हेच तर मला कळलं नव्हतं."

रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी गंभीर आवाजात नोंद करायचे. वार, गाव, वारा कुठून, आणि कुत्री किती. "कुत्री तीन, पैकी एक झोपलेलं." तेच सगळं एका जाड वहीत शाईच्या पेनाने लिहायचे. त्या वहीत खाडाखोड नाही आणि अंदाजाने लिहिलेलं एक अक्षर नाही. एकदा मी म्हटलं, चार वाजले लिहा की, पाच मिनिटांनी काय बिघडतं? तर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी कोणाच्या घरी चोरी करायला सांगतोय.

आणि त्यांचा तो फ्रिजचा प्रकार! कोणाच्याही घरी रेकॉर्डिंगला बसले की आधी फ्रिज बंद करायचे, कारण त्याची घरघर मशीनमध्ये येते. मग निघताना तो चालू करायचं विसरायचे. तीन घरांत दूध नासलं, एका घरात बाईने आठवडाभराचे बोंबील सांभाळून ठेवले होते, त्यांचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा. शेवटी सरांनी युक्ती काढली. फ्रिज बंद केला की स्वतःचा चष्मा काढून त्यात ठेवायचा. चष्म्याशिवाय सरांना उंबराही दिसत नसे, म्हणजे चष्मा घेतल्याशिवाय घराबाहेर पडणं शक्य नाही, आणि चष्मा घेतला की फ्रिज चालू. मग गार काचांवर वाफ धरलेला तो चष्मा घालून, आंधळ्यासारखे चाचपडत, "आभारी आहे, आभारी आहे" करत बाहेर यायचे. ध्यानच होतं एक.

मशीनबद्दल मात्र फार सरळ माणूस. रेकॉर्डरचं बटण एकदा दाबलं की लाल दिवा लुकलुकायचा, म्हणजे मशीन नुसतं तयार आहे. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर व्हायचा आणि मग आवाज उमटायचा. हे ते प्रत्येक म्हातारा-म्हातारीला समजावून सांगायचे. "लुकलुकतोय तोवर मनमोकळं बोला, शिव्या द्या, सुनेचं सांगा, काही उमटत नाही. स्थिर झाला की जपून." न सांगता कोणाचा आवाज घेणं म्हणजे खिशात हात घालणं, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या सासूला हे फार आवडलं. "डोला मारतंय तवर मस्करी, डोला थांबला क काम," असं तिने त्याचं करून टाकलं.

आता सासूचं सांगायला हवं. शहाडजवळ नदीपलीकडच्या गावात राहते. पाच गावची धवलारीण. आमच्या आगरी लग्नात मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं असतं, धवला म्हणतात त्याला, आणि ते गाते ती धवलारीण. आधी तर बामणाचीही गरज नसायची, धवलारीणच लग्न लावायची. सगळं तोंडपाठ, कागद नाही. मग हळदीला डीजे आले. पहिले बॉक्स कोणाचे वाजले त्या गावात? माझे. माझ्याच लग्नात. सासूने दोन धवले गायले, तिसऱ्याला माझ्या दुकानातल्या पोरांनी बेस सोडला, आणि ती तोंड मिटून बसली ती बसलीच. त्यानंतर तिला कोणी फारसं बोलवलं नाही. सासूचा गळा जावयाने बसवला, असं गावात हसत हसत बोलतात. मी पण हसायचो. करणार काय?

सर तिच्याकडे दोन वर्षं खेटे घालत होते. सासू सगळं सांगायची, भातशेती, नदीचा पूर, सवतीची भांडणं. पण धवला? छे. "लगीन नाय त धवला कसला? मांडव नाय, हलद नाय, आन मी गाव? देव कानफटात मारंल." सर विनवायचे, चिडायचे, पुढच्या रविवारी परत यायचे.

आणि मग आषाढात तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनचा दिवस ठरला. डॉक्टरने साफ सांगितलं, जिवाला धोका नाही, पण आवाजाची खात्री देत नाही. सर ते ऐकून माझ्या दुकानात आले आणि स्टुलावर बसून राहिले. पंखा चालू होता, तो बंद करायलाही सांगितलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. ती बाई मुकी झाली, की पाच गावची लग्नं तिच्याबरोबर मुकी होणार, आणि त्यात माझा हात आहे, हे काय मला कळत नव्हतं?

आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. सर हात जोडून म्हणाले, "बाई, आता तरी."

सासूने त्यांच्याकडे खालून वर पाहिलं. "सर, तुमचा लगीन झायलंय?"

"नाही."

"आन असाच मेलाव त?"

बिनलग्नाचा पुरुष मेला तर जाळण्याआधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावतात, हे सरांनाही माहीत होतं.

"मेल्याव लावत्यात, तं जित्तेपनीच लावून टाकू," सासू म्हणाली. "रुई आनते. मांडव घालू, हलद लावू. खरं लगीन. मंग मी गाते, पयल्यापासून शेवटपर्यंत."

मी म्हटलं, "आई, आषाढात लग्न?"

"रुईला कसला आषाढ? तुजे डीजेला चालतं ना बारा म्हैने?"

मला वाटलं सर उठून जातील. एवढा शिकलेला, पूजासुद्धा न करणारा माणूस. पण ते म्हणाले, "नवरदेवाला काय आणावं लागतं?"

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी मांडव घातला. शेजारच्या टॉवरच्या साईटवर खांब ठोकायचं मशीन दिवसभर धडधडायचं. तिथल्या सुपरवायझरकडे पूजेला मी स्पीकर लावतो, त्याच्या हातापाया पडून दुपारपर्यंत ते बंद करवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाचा तरी आवाज बंद करायला गेलेलो. सासूने नदीकाठची रुई मुळासकट आणून रंगाच्या रिकाम्या डब्यात लावली, तिच्या कोवळ्या फांदीत हिरवी काचेची बांगडी घातली, हळदीचा दोरा बांधला. गावातल्या म्हाताऱ्या जमल्या. पाटावर सर. बनियनवर. एकाहत्तर वर्षांचा नवरदेव, आणि बाया त्यांच्या गालाला, दंडाला हळद चोपतायत. एक म्हातारी म्हणाली, "नवरा गोरा हाय, पन वाळलाय." हसून हसून मांडव हलला.

आता नवरदेव मशीनला हात लावू शकत नाही, हात हळदीने भरलेले. तेव्हा मशीन माझ्याकडे. सर पाटावरून ओरडले, "ध्वनिशत्रू, बटण लक्षात आहे ना?"

मी काय म्हटलं माहितेय? म्हटलं, "मला नका शिकवू सर. वीस वर्षं मशीनच हाताळतोय."

बटण दाबलं. लाल दिवा लागला. मी अंगठा दाखवला. सरांनी मान डोलावली. त्यांना अंगठा दिसलाच नसणार म्हणा, कारण चष्मा आत होता, फ्रिजमध्ये.

सासू गायला लागली. काय सांगू तुम्हाला! गाठ सुजलेली, बोलताना धाप लागायची, पण गाण्याला बसली आणि वेगळीच बाई झाली. मांडवाचा, तांदळाचा, हळदीचा, देवांना आवतण द्यायचा, एकामागून एक. बाकीच्या म्हाताऱ्या मागून धरायच्या. मध्ये कोणी उठलं नाही. नवरीला सासरी पाठवायचा धवला आला तेव्हा समोर डब्यातली रुई आहे हे सगळ्या विसरल्या, पदर डोळ्याला गेले. सर ढसाढसा रडत होते, गालावरची हळद ओघळत होती. मी, स्पीकरवाला, वीस वर्षांत एकही लग्न धड न ऐकलेला, मशीनकडे बघायचंसुद्धा विसरून गेलो. चार तास. मला माझी लाज वाटली, खरं सांगतो.

दुपारी सर अंघोळ करून आले, गार चष्मा पुसला, हेडफोन कानाला लावले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, शाबासकी मिळेल म्हणून. त्यांनी एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, परत पहिलं. मग हळूच हेडफोन काढले.

सासू गळ्याला हात लावून चहा पीत होती. तिने विचारलं, "आला का सगला?"

"आला," सर म्हणाले. "सगळा आला. शेवटच्या शब्दापर्यंत." आणि वही काढून तिच्यासमोर लिहिलं, धवले, संपूर्ण, चार तास, कुत्री एक.

बाहेर रिक्षापाशी त्यांनी मला विचारलं, "दिवा लुकलुकत होता का हो?"

"हो सर, मस्त लुकलुकत होता."

"बरं," एवढंच म्हणाले आणि शेजारच्या घराच्या पायरीवर बसले. मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांच्या पायाशी बसलो. म्हटलं सर, शिव्या द्या, कानाखाली मारा. ते म्हणाले, "त्यांना कळता कामा नये. कळलं तर उद्या परत गायला बसतील, गळा फाडतील. परवा ऑपरेशन आहे." एकदा रेकॉर्डिंग चालू असताना श्वास जोरात घेतला म्हणून मला घराबाहेर काढणारा हा माणूस! त्या दिवशी तो मला एक शब्द लागेल असा बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला. म्हणजे बोलायची, पण ओल्या लाकडावर करवत चालावी तसं. आणि मग सुरू झालं नवीनच. सर दर रविवारी जायचे. सासू रुईचा डबा दाखवायची, "नवरदेव, बायको सुकली बगा तुमची, पानी घाला." सर निमूट तांब्याने पाणी घालायचे. मग ती म्हणायची, "माजा धवला आयकवा ना." सर म्हणायचे, "मशीन जावईबापूंकडे दुरुस्तीला आहे." दीड वर्ष! मशीन माझ्याकडे दुरुस्तीला! गावात माझी अब्रू गेली. बायको रोज टोचायची, "आईचं एक मशीन होत नाही तुमच्याच्याने, आणि बोर्डावर लिहिलंय सर्व प्रकारची दुरुस्ती." बोलणार काय, कप्पाळ?

गेल्या माघात सर गेले. झोपेत गेले, कोणाला त्रास न देता. आम्ही डोंबिवलीला पोचलो, सासूही हट्टाने आली. पुण्याहून पुतण्या आला होता, चांगला मुलगा, पण काकांची फारशी माहिती नसलेला. गुरुजींनी विचारलं, "अविवाहित होते ना? मग आधी रुईची फांदी आणवा."

"नाय," सासू म्हणाली. त्या आवाजाने सगळे वळले. "याचं लगीन झायलंय. मीच लावलंय."

पुतण्या माझ्याकडे बघायला लागला. गुरुजी समजुतीच्या सुरात म्हणाले, "आजी, असं नुसतं सांगून कसं चालेल?"

"नुसता नाय. पुरा चार घंट मशीनमधी हाय. या जावयाचे दुकानात. इचारा त्याला."

समोर सर पांढऱ्या चादरीत. उभ्या जन्मात अंदाजाने एक अक्षर न लिहिलेला माणूस. मी म्हटलं, "हो गुरुजी. रेकॉर्डिंग आहे."

"मग प्रश्न मिटला," गुरुजी म्हणाले. रेकॉर्डिंग आहे म्हटल्यावर हल्ली कोण शंका घेतो? सरांना विवाहित माणसासारखं नेलं. निघताना पुतण्याने ती वही माझ्या हातात दिली, म्हणाला, यातलं मला काही कळत नाही, तुमचा धंदा आहे.

परत येताना रिक्षात मला राहवेना. म्हटलं, "आई, एक सांगायचंय. त्या मशीनमध्ये काय नाय."

"मना म्हाईत हाय."

"काय माहितेय?"

"मशीन डोला मारीत व्हता. पयल्या धवल्यापासून. माजे समोरच व्हता ना."

माझं डोकं फिरलं. "मग बोलली का नाहीस? थांबवायचं होतंस मला! एक बटण तर दाबायचं होतं!"

"धवला मधी तोरत नाय रं. नवऱ्याला वाईट व्हतं." खोकला आला तिला. मग म्हणाली, "मी मशीनला गायली का? मी लगीन लावीत व्हती."

शहाडचा पूल आला. मग विचारलं, "माहीत होतं, तर दीड वर्ष दर रविवारी त्यांच्यामागे का लागायचीस, आयकवा आयकवा म्हणून?"

"नाय इचारला असता त सरांना समाजला असता, मना म्हाईत हाय." ती बाहेर बघत होती. "आन समाजला असता, त कंच्या तोंडाने आला असता दर रविवारी?"

घरी पोचल्यावर ती आधी डब्याकडे गेली. बांगडी काढायला फांदी धरली. पण फांदी एवढी जाड झाली होती, की बांगडी निघेना. मी पुढे झालो, तर माझा हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाली. "पानी घाल. आज ऐतवार हाय."